जंत ‘मारणे’ आणि जंत ‘पाडणे’ : वनस्पतिजन्य औषधांच्या मराठी परिभाषेची चिकित्सा

शेळ्यामेंढ्यांच्या जंतविकारावर वनस्पतींचे उपाय सांगणारे मराठी लेखन गेल्या काही वर्षांत पुष्कळ वाढले आहे. नेहमीच्या औषधांना दाद न देणारे जंत जगभर आढळू लागल्यापासून संशोधकांचे लक्ष पुन्हा झाडपाल्याकडे वळले, हे त्याचे एक कारण होय. या लेखनातील रसायनशास्त्र किंवा प्राणिशास्त्र तपासण्याचे काम त्या त्या शास्त्राच्या अभ्यासकांचे आहे. परंतु ज्या मराठी शब्दांतून ते शास्त्र वाचकापर्यंत पोचते त्या शब्दांची तपासणी भाषाशास्त्राच्या कक्षेत येते. आणि ती केल्यास असे दिसते की, यांतील काही चुका शास्त्राच्या अज्ञानातून उद्भवलेल्या नसून निव्वळ शब्दांच्या पोटी जन्मलेल्या आहेत.

ही तपासणी बारामती आणि इंदापूर या तालुक्यांच्या संदर्भात करणे सोयीचे आहे. नीरा डाव्या कालव्याने येथील शेतीचे बागायत आणि जिरायत असे दोन भाग पाडले. कालव्याखालच्या ओलीत जंतांच्या अळ्यांना आणि यकृतातील चपट्या जंताला वाहून नेणाऱ्या गोगलगायींना आसरा मिळतो. वरच्या माळावर शेळ्यामेंढ्यांचे कळप असतात. आणि दोहोंच्या मधल्या हलक्या जमिनीत डाळिंबाच्या बागा आहेत. डाळिंब हे तर जंतांवरील अतिशय जुन्या औषधांपैकी एक. म्हणजे रोग, रोगी आणि औषध ही तिन्ही येथे एकाच शिवारात नांदतात, आणि तेथे छापील शब्दाचे परिणाम केवळ कागदावर राहत नाहीत.

या विषयावरील मराठी लेखनाची सर्वसाधारण धाटणी ध्यानात यावी म्हणून नमुन्यादाखल एक वाक्य रचून घेऊ : ‘डाळिंबाची साल जंतनाशक असून तिच्यातील क्षाराभांमुळे कृमींच्या स्नायुतंत्रास पक्षाघात होतो व ते नष्ट होतात.’ व्याकरणदृष्ट्या वाक्य निर्दोष आहे. ते कोणत्याही प्रबंधात किंवा पुस्तिकेत खपून जाईल. तथापि, त्यातील जवळजवळ प्रत्येक महत्त्वाचा शब्द वाचकाला आडवाटेला नेणारा आहे.

‘साल’ हा पहिलाच शब्द घ्यावा. मराठीत झाडाच्या खोडावरचे आणि मुळावरचे आवरण म्हणजे साल, आणि फळावरचे आवरण म्हणजेही सालच. अनेकांच्या बोलण्यात झाडाची ‘ती साल’ आणि फळाचे ‘ते साल’ असा लिंगभेद पाळला जातो. केळ्याचे साल, पण बाभळीची साल. छापील मराठीने हा भेद पुष्कळसा पुसून टाकला आणि दोन्हींना स्त्रीलिंगी केले. ‘डाळिंबाची साल’ असे म्हटल्याबरोबर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे फळ सोलल्यावर उरणारे, वाळवून डब्यात ठेवलेले साल येते. पण शार्ल तांरे या फ्रेंच रसायनज्ञाने 1878 साली डाळिंबातून जे अल्कलॉइड वेगळे केले, आणि क्विनीनच्या शोधामुळे विख्यात झालेल्या पेलेत्ये याच्या स्मरणार्थ ज्याला पेलेटिएरीन हे नाव दिले, ते प्रामुख्याने मुळाच्या व खोडाच्या सालीत असते. फळाच्या सालात मुख्यत्वे असते ते टॅनिन. ते तुरट असून हगवण आवरते. परंतु पट्टकृमीवर ज्या अल्कलॉइडाचा भरवसा धरावयाचा ते तेथे नसल्यातच जमा आहे. प्राचीन ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीस याने जंतांसाठी सांगितलेला काढा मुळांचा होता. चरकसंहितेतील दहा-दहा द्रव्यांच्या गणांत दाडिम हे ‘हृद्य’ गणात येते, ‘कृमिघ्न’ गणात येत नाही. आणि त्या गणातील आंबा, बोर, महाळुंग ही सोबत पाहता तेथे फळच अभिप्रेत आहे, यात शंका राहत नाही. मुळाची साल, खोडाची साल आणि फळाचे साल ही औषधी दृष्टीने तीन निराळी द्रव्ये होत, आणि ‘डाळिंबाची साल’ हा शब्दप्रयोग त्यांना एकाच पुडीत बांधतो.

याचा परिणाम दोन्ही बाजूंनी होतो. फळाचे साल उकळून पाजणाऱ्याला गुण येत नाही, आणि तो औषधालाच खोटे ठरवितो. याच्या उलट, मर रोगाने किंवा तेल्याने गेलेली बाग उपटून टाकणाऱ्या शेतकऱ्याच्या बांधावर मुळांचा ढीग पडलेला असतो; त्याने फळाच्या सालाच्या हिशेबाने मुळाची साल ‘मूठभर’ उकळली, तर ते मूठभर प्रकरण अगदी वेगळे ठरते. ताजी साल आणि जुनी साल यांतही अंतर आहे. साठवणीत अल्कलॉइडाचे प्रमाण घटत जाते, म्हणून जुन्या औषधकोशकारांनी ताज्या सालीचा आग्रह धरला होता. ‘मूठ’ हे माप या सगळ्याला पुरे पडत नाही, हे सांगावयास नकोच.

‘क्षाराभ’ या शब्दाविषयी थोडक्यात सांगता येईल. माइस्नर या जर्मन औषधशास्त्रज्ञाने 1819 साली ‘अल्कलॉइड’ ही संज्ञा प्रथम वापरली. वनस्पतींच्या राखेला असलेल्या अरबी नावापासून आलेला ‘अल्कली’ आणि ‘सारखे’ या अर्थाचा ग्रीक प्रत्यय मिळून ती झाली. क्षाराभ हे तिचे शब्दशः रूपांतर. अडचण अशी की, नीरेच्या खोऱ्यात ‘क्षार’ हा शब्द मोकळा राहिलेला नाही. कालव्याच्या पाण्याने येथील जमिनी खारावू लागल्या. हॅरॉल्ड मान आणि ताम्हणे यांनी नीरा खोऱ्यातील खाऱ्या जमिनींवरील आपला अभ्यास 1910 साली प्रसिद्ध केला, आणि तेव्हापासून आजपर्यंत ‘क्षारपड’ हा येथील शेतकऱ्याच्या रोजच्या बोलण्यातला शब्द आहे. त्याला क्षार म्हणजे जमिनीवर फुटणारे पांढरे मीठ. क्षाराभ म्हणजे त्याच्या लेखी काहीतरी खारट, म्हणजे जनावराने आवडीने चाटावे असे. प्रत्यक्षात अल्कलॉइडे बहुधा कडू असतात, नायट्रोजनयुक्त असतात, आणि अल्प प्रमाणातही शरीरावर तीव्र परिणाम करतात. मराठी विश्वकोशाने ‘अल्कलॉइड’ हाच शब्द देवनागरीत स्वीकारला, ते योग्यच झाले. परकी शब्द निदान भलता अर्थ तरी सुचवीत नाही.

अनेक लेखकांच्या हातून आणखी एक सरमिसळ होते, ती शब्दाची नसून वर्गीकरणाची आहे. पण शब्दाच्या सैलपणाने तिला वाव दिला. जंतावरचे प्रत्येक झाडपाल्याचे औषध अल्कलॉइडामुळेच गुण देते, असे गृहीत धरले जाते. वावडिंगातील एम्बेलिन हे क्विनोन आहे. पळसपापडीतील पॅलासोनिन हे अल्कलॉइड नव्हे. त्याचे रासायनिक नाते फोड आणणाऱ्या भुंग्यांतील कँथॅरिडिनशी आहे, आणि त्याच्या क्रियेचा संबंध जंताच्या ग्लुकोज घेण्याच्या शक्तीशी जोडला जातो. किरमाणी ओव्यातील सँटोनिन हेही अल्कलॉइड नाही. (किरमाणी हा शब्द फारसीतील ‘किर्म’ म्हणजे किडा यावरून आला की किरमान प्रांतावरून, हा प्रश्न स्वतंत्र आहे. फारसी ‘किर्म’ आणि संस्कृत ‘कृमि’ हे मात्र सख्खे भाऊ, आणि मराठीतला ‘किरमिजी’ रंग हा त्याच घराण्यातला. तो रंग पूर्वी किड्यांपासूनच काढीत.) खऱ्या अर्थाने अल्कलॉइडामुळे काम करणारी, आणि मराठी घराला परिचित असलेली, अशी द्रव्ये मुख्यतः तीन : डाळिंबाच्या मुळाची साल, सुपारी आणि तंबाखू.

आता ‘जंतनाशक’. हा शब्द आज सर्वतोमुखी आहे. शाळांतून मुलांना गोळ्या देण्याचा राष्ट्रीय जंतनाशक दिन 2015 पासून पाळला जातो. ‘जंत’ आणि ‘जंतू’ ही एकाच संस्कृत शब्दाची दोन मराठी रूपे असून भाषेने त्यांच्यात कामाची वाटणी करून दिली आहे : पोटातले ते जंत, आणि रोगाचे सूक्ष्म ते जंतू. पण त्यामुळे ‘जंतनाशक’ आणि ‘जंतुनाशक’ यांत केवळ एका उकाराचे अंतर उरले. एक पाजावयाचे, दुसरे गोठा धुवावयाचे. मुद्रणदोषाने हा उकार इकडचा तिकडे होणे अगदी सोपे आहे, आणि हा धोका ज्यांच्या हाती खिळे किंवा संगणक आहे त्यांनी तरी विसरू नये.

त्याहून खोल दोष ‘नाशक’ या उत्तरपदात आहे. जुना शब्द ‘कृमिघ्न’. चरकाच्या त्या गणांत ‘कृमिघ्न’ आहे तसा ‘कुष्ठघ्न’ही आहे, कुष्ठाचा वध करता येत नाही. ‘घ्न’ या उत्तरपदात धातू ‘हन्’ असला तरी त्याचा आवाका बाधा दूर करणे इतका विस्तृत आहे. शिवाय कृमींच्या चिकित्सेचे चरकाने जे तीन मार्ग सांगितले, त्यांत पहिला अपकर्षण म्हणजे बाहेर काढणे हा आहे, दुसरा प्रकृतिविघात म्हणजे कृमींना पोषक अशी स्थिती मोडणे हा आहे, आणि तिसरा कारणे वर्ज्य करणे हा आहे. कृमींना ठार करणे हा स्वतंत्र मार्ग म्हणून तेथे सांगितलेला नाही. इंग्रजीतही व्हर्मिसाइड आणि व्हर्मिफ्यूज असे मारणाऱ्या व हाकलणाऱ्या औषधांचे दोन शब्द होते. आधुनिक मराठीने मात्र ‘जंतनाशक’ हा शब्द कीटकनाशक, तणनाशक यांच्या पंक्तीला बसविला, आणि त्या पंक्तीतला अर्थ त्याला चिकटला. औषधाने जंत मरतो. मेला नाही तर औषध कमी पडले. म्हणून अधिक पाजावे, ही विचारमालिका त्या एका उत्तरपदातून आपोआप निघते.

वस्तुस्थिती निराळी आहे. मोठा गोल जंत आतड्याला चिकटलेला नसतो. आतड्याच्या प्रवाहाविरुद्ध सतत अंग वळवीत तो आपली जागा राखतो. म्हणजे त्याचे तेथे राहणे हे त्याच्या स्नायूंचे अहोरात्र चाललेले काम आहे. पट्टकृमी चूषकांनी धरून राहतो, पण ती पकडही स्नायूंचीच. निकोटीन आणि अॅरेकोलीन यांचा रोख या स्नायूंवर असतो. स्नायूला ‘आकुंचन पाव’ असा निरोप देणारे अॅसिटिलकोलीन हे द्रव्य ज्या ग्राहींवर बसते त्याच ग्राहींवर निकोटीन बसते, आणि निरोप थांबतच नाही. जंत आखडतो, ताठतो, त्याची पकड सुटते, आणि आतड्याच्या हालचालीने तो बाहेर फेकला जातो. तो त्या क्षणी मेलेला असलाच पाहिजे असे नाही. मेंढपाळ म्हणतो, ‘औषध पाजले, जंत पडले.’ क्रियेच्या वर्णनात हे वाक्य प्रबंधातील वाक्यापेक्षा अधिक अचूक आहे. ‘पडणे’ या क्रियापदात धरून राहिलेल्याचे सुटणे आहे, आणि मारणाऱ्याचा उल्लेख नाही.

मराठीला या बाबतीत आणखी एक श्रीमंती लाभली आहे, आणि परिभाषाकारांनी तिच्याकडे पाठ फिरविली आहे. स्नायू निकामी होण्याचे दोन प्रकार असतात : एकात तो ताठतो, दुसऱ्यात तो सैल पडतो. बोली मराठीत पहिल्याला ‘आखडणे’ आणि दुसऱ्याला ‘लुळे पडणे’ असे दोन सरळ शब्द आहेत. आपले शास्त्रीय लेखन दोन्हींना ‘पक्षाघात’ म्हणते. पक्षाघात म्हणजे शरीराच्या एका बाजूचा आघात. गोल जंताच्या बाबतीत तो डाव्या अंगाला झाला की उजव्या, हे कोणी सांगावे? विनोद बाजूला ठेवला तरी हा भेद व्यवहारात महत्त्वाचा आहे. निकोटीनच्याच ग्राहींवर काम करणारे पायरँटेल हे औषध जंताला आखडविते. पायपरझिन त्याला लुळे पाडते. दोन्ही एकत्र दिली तर ती एकमेकांचा परिणाम मारतात. ‘दोन्ही औषधांनी कृमींस पक्षाघात होतो’ असे वाचणारा विद्यार्थी ती एकत्र द्यावीत असाच निष्कर्ष काढील, आणि त्या वाक्यावरून त्याला दोषही देता येणार नाही.

‘स्नायुतंत्र’ हा शब्द तर या संपूर्ण विषयाच्या मर्मावरच घाव घालतो. सुश्रुताच्या शारीरस्थानात स्नायू नऊशे आणि पेशी पाचशे सांगितल्या आहेत; तेथे मांसाची ती पेशी, आणि स्नायू म्हणजे बांधून ठेवणारे चिवट दोर. मराठीने पुढे ‘स्नायू’ हा शब्द मांसासाठी रूढ केला आणि ‘पेशी’ हा शब्द शरीराच्या सूक्ष्मतम घटकासाठी. हिंदीने आणि बंगालीने ‘स्नायु’ हा शब्द मज्जातंतूंसाठी वापरला. म्हणजे हिंदी ग्रंथातले ‘स्नायुतंत्र’ म्हणजे मराठीतली मज्जासंस्था. आणि तोच शब्द जसाच्या तसा मराठीत आला की वाचक त्याचा अर्थ मांसाची संस्था असा करतो. एरवी अशा गोंधळाने मोठे बिघडत नाही. येथे मात्र विषयच मज्जातंतू आणि स्नायू यांच्या सांध्याचा आहे. औषध निरोप पाठविणाऱ्यावर काम करते की निरोप घेणाऱ्यावर, हाच प्रश्न. आणि एकच शब्द कधी याला, कधी त्याला लागत असेल तर उत्तर लिहिताच येत नाही. गोल जंतात हा सांधाही विलक्षण आहे. आपल्या शरीरात मज्जातंतू स्नायूपर्यंत जातो; अॅस्कॅरिस या जंतात स्नायूच्या पेशीच आपला एक हात लांबवून मज्जारज्जूपर्यंत पोचवितात. ही गोष्ट हिंदी अर्थाचा ‘स्नायु’ आणि मराठी अर्थाचा ‘स्नायू’ मिसळून एकदा सांगून पाहावी, म्हणजे तक्रारीचे स्वरूप स्पष्ट होईल.

नमुना-वाक्यातील शब्द असे एकेक तपासून झाले. त्यात नसलेला शब्द अधिक गंभीर आहे : त्या वाक्यात शेळीच नाही. अॅसिटिलकोलीन हा निरोप्या जंताचा तसा शेळीचाही आहे, पाजणाऱ्या माणसाचाही आहे. त्याच्या ग्राहींची घडण जंतात आणि सस्तन प्राण्यांत सारखी नसते, आणि लेव्हामिसोल यांसारख्या कृत्रिम औषधांचे यश जंताच्या ग्राहींना अधिक पसंत करण्यात आहे. तरीदेखील लेव्हामिसोलच्या बाबतीत औषधाची मात्रा आणि विषाची मात्रा यांतील पट्टा इतर आधुनिक औषधांहून अरुंद आहे, आणि मात्रा चुकल्यास जनावराला लाळ सुटते, अंगाला कंप येतो. तंबाखूच्या काढ्याला तर असा विवेकच नाही. निकोटीन झपाट्याने, कातडीतूनसुद्धा, शोषले जाते. आधी स्नायू फुरफुरतात, मग निकामी होतात, आणि अखेर श्वासाचे स्नायू थांबतात. निकोटीन सल्फेट एके काळी मेंढ्यांना मोरचुदाबरोबर पाजले जाई आणि पिकांवर किडींसाठी फवारलेही जाई. शेतकऱ्याच्या भाषेत दोन्ही ‘औषध’च : एक पाजावयाचे, एक मारावयाचे. ऑर्गेनोफॉस्फेट वर्गातील फवारे तर अॅसिटिलकोलीनचा निरोप संपविणाऱ्या विकरालाच अडवितात, आणि अशा फवाऱ्याच्या संपर्कात आलेल्या जनावराला लेव्हामिसोल देणे अधिकच धोक्याचे ठरते. बागेशेजारी चरणाऱ्या शेळीच्या बाबतीत हा धोका दूरचा नाही.

यजमानाचे स्नायू हे केवळ धोक्याचे स्थान आहे असेही नव्हे. सुपारीतील अॅरेकोलीनचे उदाहरण या दृष्टीने सर्वांत बोधक आहे. कुत्र्यांतील पट्टकृमींसाठी त्याचे लवण पशुवैद्यकात दीर्घकाळ वापरात होते. ते पट्टकृमीची पकड सैल करते आणि त्याच वेळी कुत्र्याच्या आतड्याच्या स्नायूंना जोराने आकुंचन पावावयास लावून त्याला जुलाब करविते. म्हणजे जंत पडतो तो दोन प्राण्यांच्या स्नायूंवर एकाच वेळी झालेल्या क्रियेने. अति झाल्यास हेच लाळ, मंद हृदय आणि कोंडलेला श्वास यांत परिणत होते, आणि त्यावरचा उतारा अॅट्रोपीन. ते ज्या वर्गातले, त्या वर्गाची अल्कलॉइडे बांधावरच्या धोतऱ्यात असतात. (म्हणून धोतरा पाजावा असे अर्थातच नव्हे.) पेलेटिएरीनच्या इतिहासातही हाच धडा वेगळ्या वाटेने येतो. शुद्ध अल्कलॉइडाने रोग्यांना घेरी, अंधुक दृष्टी, पायांत गोळे असे त्रास होऊ लागले, तेव्हा त्याचे टॅनेट वापरात आले. ते कमी विरघळते, म्हणून रोग्याच्या रक्तात थोडे जाते आणि जंताच्या शेजारी अधिक काळ राहते. सालीच्या काढ्यात टॅनिन मुळातच असते. तेव्हा ‘वनस्पतिजन्य म्हणून निरुपद्रवी’ हे विधान चूक, तसेच ‘शुद्ध केले म्हणजे सुरक्षित झाले’ हेही चूक. सुरक्षितता असलीच तर ती औषध कोठे राहते यात आहे, आणि ‘जंतनाशक’ हा शब्द स्थानाविषयी काहीच बोलत नाही.

या दोन प्राण्यांपैकी दुसऱ्याला काय म्हणावे, यावरही मराठीत एकमत नाही. यजमान, पोषक, आश्रयी, पोशिंदा असे शब्द चालतात. यजमानाने पाहुण्याला बोलावलेले असते आणि पोशिंदा राजीखुशीने पोसतो. शेळीने यांतले काही केलेले नाही. त्यातल्या त्यात ‘आश्रयी’ हा शब्द भावनेच्या दृष्टीने कोरडा, पण त्याचा अर्थ आश्रय घेणारा असाही होतो. तूर्त ‘यजमान’ चालवून घ्यावा लागेल.

नव्या संज्ञा घडविण्याचा मोह येथे टाळणे बरे. जंत पाडणाऱ्या औषधाला ‘कृमिपातक’ म्हणावे तर पदरी पातक येते. ‘कृमिस्तंभक’ म्हणावे तर आखडणे येते, पण लुळे पडणे सुटते. मराठीची ताकद या ठिकाणी नामांत नसून क्रियापदांत आहे, आणि शास्त्रीय लेखनाने क्रियापदांची लाज बाळगण्याचे कारण नाही. कृमिघ्न ही सर्वसाधारण संज्ञा ठेवावी, आणि क्रिया सांगावयाची असेल तेथे जंत मरतो, आखडतो, लुळा पडतो, उपाशी पडतो की सुटून पडतो, हे वाक्यात सांगावे. तसे केल्यास नमुन्याचे वाक्य असे होईल : ‘डाळिंबाच्या मुळाच्या ताज्या सालीत पेलेटिएरीन वर्गातील अल्कलॉइडे असतात, त्यांनी पट्टकृमीची पकड सुटून तो पडतो, तीच अल्कलॉइडे रक्तात अधिक गेल्यास जनावराच्या स्नायूंवर व दृष्टीवर परिणाम होतो, म्हणून जनावराचे वजन आणि सालीतील अल्कलॉइडाचे प्रमाण ठाऊक असल्यावाचून ती पाजू नये, फळाच्या सालाचा हा गुण नाही.’ वाक्य लांबले, आणि घडीपत्रिकेत जागा थोडी असते, ही अडचण खरी आहे. जागा करावयाची असल्यास ‘प्राचीन काळापासून बहुगुणी मानलेले’ हे शब्द गाळता येतील.